लिफ्ट दोन इंच, म्हणून बंप स्टॉपही दोन इंच?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००५ ची एमपीएफआय जिप्सी. पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) कमान मारून आणि एकेक पाटा वाढवून साधारण दोन इंच उचलली आहे. टायर २३५/७५ आर १५ आणि वर लांब शॉकअप. कोकणातल्या एका जुन्या चिरेखाणीत फिरवताना पुढचा डावा शॉकअप फुटला, तेल गळतंय, आणि टायरने फेंडरची आतली कड चाटल्याच्या खुणा आहेत. गॅरेजवाला म्हणतो, लिफ्ट दोन इंच आहे ना, मग बंप स्टॉप (ॲक्सलला वर थांबवणारं रबर) दोन इंच खाली घेऊ, विषय संपला. तसं करू का?

लगेच करू नका. बंप स्टॉप तुम्हाला वाढवावे लागणार हे जवळजवळ नक्की, पण दोन इंच हा आकडा त्याने लिफ्टकडे बघून काढलाय, गाडीखाली झोपून काढलेला नाही. हीच चूक मी स्वतःच्या जिप्सीवर केलेली आहे. ती पुढे येईलच.

चॅसीच्या खालच्या अंगाला, ॲक्सलच्या बरोबर डोक्यावर, काळ्या रबराचा बोथट शंकू असतो तो बंप स्टॉप. गॅरेजात त्याला नुसतं बंप रबर म्हणतात, आणि गाडी सर्व्हिसिंगला येते तेव्हा दहातल्या आठ गाड्यांचं ते फाटलेलं तरी असतं किंवा जागेवर नसतंच. चाक दणक्याने वर आलं की ॲक्सलला कुठेतरी थांबावं लागतं, आणि कोणीतरी त्याला थांबवतंच. रबराने नाही थांबवलं तर शॉकअपचा पिस्टन तळाला बसून थांबवेल. तो नाही तर टायर फेंडरला भिडून थांबवेल, पाटा उलटा वाकून थांबवेल, डिफरन्शियलचा गोळा इंजिनच्या संपला (तेलाच्या भांड्याला) टेकून थांबवेल. या सगळ्यांत ते काम फक्त रबराचं आहे. तुमच्या शॉकअपने ते रबराऐवजी केलं आणि जीव दिला.

त्यामुळे पहिला प्रश्न लिफ्ट किती हा नाही. चाक वर येत असताना सगळ्यात आधी कोणाला इजा होते, ते शोधायचं. रबराने त्याच्या थोडं आधी हजर व्हायला हवं. बाकी सगळा हिशेब त्यातूनच निघतो.

नुसत्या लिफ्टने बंप स्टॉप वाढवायची गरज पडतेच असं नाही, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. लिफ्टमुळे गाडी उभी असताना ॲक्सल आणि चॅसीमधलं अंतर वाढतं. पण चाक पूर्ण वर दाबलं जातं तेव्हा ॲक्सल पूर्वी जिथे यायचं तिथेच येतं, कारण रबर तिथेच आहे. टायर कंपनीचा, शॉकअप कंपनीचा असेल तर त्या जागी त्यांना काल काही होत नव्हतं आणि आजही होणार नाही. फरक पडतो तो लिफ्टच्या जोडीने आपण जे बदलतो त्याने, आणि लिफ्ट कोणत्या पद्धतीने केली त्याने.

ही पद्धतीची गोष्ट नीट समजून घ्या. लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी, टाकून केलेली लिफ्ट घ्या. शॅकल १०० मिमीने लांब केलं तर पाट्याचं एक टोक १०० मिमी खाली जातं आणि मध्यावर, म्हणजे ॲक्सलपाशी, साधारण ५० मिमी मिळतात. पाट्याची कमान बदललेली नाही, फक्त तो खाली टांगला गेलाय. आता ॲक्सल जुन्या रबरापर्यंत वर आलं तर पाट्याला पूर्वीपेक्षा ५० मिमी जास्त वाकावं लागेल, म्हणजे तो उलटा धनुष्यासारखा होईल. अशा गाडीत 'लिफ्ट तेवढा बंप स्टॉप' हा नियम बरोबर आहे. कॉइल स्प्रिंगच्या खाली किंवा वर स्पेसर (जाडीचा ठोकळा) ठेवून उचललेल्या गाडीतही तेच. स्पेसरच्या जाडीएवढी कॉइल जास्त दाबली जाते आणि वेटोळ्याला वेटोळं टेकायची वेळ येते. पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही. जिप्सीत त्याने पाच इंचांच्या आसपास उंची वाढते आणि जुन्या रबराच्या भरवशावर राहिलात तर पाटे पहिल्याच दिवशी वाकतील.

तुमचं तसं नाही. तुम्ही पाट्यांना जास्त कमान दिली आहे. हे पाटे पूर्ण दाबले गेले की जवळपास जुन्याच आकारात येतात. त्यांच्या पोलादावर ताण थोडा वाढतो, पण जागेचा प्रश्न येत नाही. बॉडी लिफ्ट, म्हणजे चॅसी आणि बॉडीमध्ये गुटके घालून केलेली, हा तर वेगळाच प्रकार. त्यात सस्पेन्शनला हातच लागत नाही, उलट फेंडर वर गेल्याने टायरला जागा मिळते. तुमच्या गाडीत पाट्यांसाठी म्हणून बंप स्टॉप वाढवायचं कारण नाही. कारणं दोन उरतात. टायर आणि शॉकअप.

टायरचं गणित सोपं आहे. कंपनीच्या २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिमी येतो, २३५/७५ आर १५ चा ७३३ च्या थोडा वर. फरक ६५ मिमी, म्हणजे त्रिज्येत ३३. नवीन टायरने गाडी ३३ मिमी उंच झाली म्हणून आपण खूश होतो, पण चाकाचा मध्य आणि फेंडर यांतलं अंतर एका मिलिमीटरनेही वाढलेलं नसतं. टायरने त्यातले ३३ मिमी खाल्लेले असतात. शिवाय तो रुंद आहे, त्यामुळे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो अशा ठिकाणी पोचतो जिथे जुना टायर कधी गेलाच नव्हता. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढे आहे. पाटा सपाट होताना लांबतो, म्हणून ॲक्सल वर जाताना थोडं पुढेही सरकतं. तुमच्या फेंडरवरची खूण पुढच्या अंगाला असेल, तर कारण हे आहे.

शॉकअपला जरा जास्त वेळ देऊ या, कारण तुमचं नुकसान तिथे झालंय. लांब शॉकअप म्हटलं की लोक पूर्ण उघडल्यावर किती लांब होतो तेवढंच बघतात. चाक खाली किती लोंबेल याचं कौतुक असतं, कारण फोटो तसा छान येतो. पण लांब शॉकअपची नळीही लांब असते, म्हणून पूर्ण दाबल्यावरही तो जुन्यापेक्षा लांबच राहतो. रबराची जागा जुनी, शॉकअपचा तळ मात्र आधी येतो. दाबलेली लांबी विचारल्याशिवाय शॉकअप घेऊ नका. दुकानदाराला माहीत नसेल तर तिथेच दाबून टेपने मोजा.

आकड्यांत सांगतो. मोजायला सोपे असे आकडे घेतोय, तुमचे वेगळे येतील. समजा गाडी सपाट जमिनीवर उभी असताना रबराच्या टोकापासून ॲक्सलपर्यंत १२० मिमी आहेत. रबर स्वतः ६० मिमी उंच. जोरात दणका बसला की चांगलं रबर निम्म्यापर्यंत चेपतं असं धरा, म्हणजे ३० मिमी. म्हणजे ॲक्सल एकूण १५० मिमी वर जाऊ शकतं. आता शॉकअप. उभ्या गाडीत त्याच्या वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंत ४३० मिमी, पूर्ण दाबलेला ३०५. हातात उरले १२५. पण तो सरळ उभा नसतो, तिरका असतो. २० अंश तिरका असेल तर १२५ ला ०.९४ ने भागायचं, म्हणजे ॲक्सल १३३ मिमी चढलं की शॉकअप तळाला बसला. (चढताना कोन बदलत जातो, पण गॅरेजच्या हिशेबाला एवढं चालतं.) मी नेहमी १५ मिमी राखून ठेवतो. १३३ उणे १५ म्हणजे ११८. ॲक्सलला १५० ची मोकळीक आहे आणि आपल्याला ११८ हवे आहेत. म्हणजे चॅसी आणि रबराच्या मध्ये घालायचा स्पेसर ३२ मिमीचा, सव्वा इंच.

आता त्याच गाडीला, त्याच लिफ्टवर, दाबलेली लांबी ३३० असलेला शॉकअप लावा. हातात १०० उरतात, ॲक्सल १०६ वर तळ, त्यातून १५ गेले, ९१. स्पेसर ५९ मिमी, म्हणजे सव्वादोन इंचांच्या वर. गाडी तीच, लिफ्ट तीच, एका शॉकअपला सव्वा इंच आणि दुसऱ्याला त्याच्या दुपटीच्या आसपास. तुमच्या गॅरेजवाल्याचा दोन इंच हा आकडा पहिल्या शॉकअपला तुमची सस्पेन्शनची चाल फुकट घालवेल आणि दुसऱ्याला राखीव १५ मिमीपैकी जेमतेम सातच ठेवेल, म्हणजे तो पुन्हा फुटू शकतो.

माझी चूक आता सांगतो. मीसुद्धा तुमच्यासारखीच पाट्यांना कमान मारून घेतली होती, दोन इंच. लोखंडी बॉक्स पाइपचे दोन-दोन इंचांचे चार तुकडे कापून चारही रबरांवर लावले आणि मनात म्हटलं, झालं. उभ्या गाडीत रबर आणि ॲक्सलमधली फट कंपनीइतकीच होती, मग बिघडणार काय? बिघडलं ते पाट्यांमुळे. कमान मारलेले पाटे बसतात. मागचे पाटे त्या पावसाळ्यात जवळजवळ सव्वा इंच बसले, स्पेसर मात्र दोन इंचांचेच राहिले. त्यात मागे लोखंडी बंपर आणि भरलेला कॅन. चौघं जण सामान घेऊन गगनबावड्याहून करूळ घाटाने खाली उतरत होतो, तेव्हा प्रत्येक खड्ड्याला मागून कोणीतरी हातोडा मारावा तसा आवाज. थांबून खाली बघितलं तर फटीत माझा अंगठा जेमतेम जात होता. पुढे एका वळणावर, डांबर उखडलेलं होतं तिथे, बाहेरचं मागचं चाक रबरावर बसलं आणि गाडीची मागची बाजू हातभर बाजूला सरकली. रबरावर बसलेलं चाक रस्त्याच्या दृष्टीने सस्पेन्शन नसलेलं चाक असतं, बैलगाडीचं म्हणा. मागे बसलेला मित्र वळण संपेपर्यंत काही बोलला नाही. नंतर जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

शिवाय, लिफ्ट दोन इंच आणि बंप स्टॉपही दोन इंच केले तर चाकाची वरची चाल कंपनीच्या गाडीएवढीच उरते. खडकावर चढताना एक चाक वर दुमडलं जाऊन गाडी सपाट राहायला हवी, ते होत नाही. गाडी तिरकी होते. मग एवढा खर्च केला कशासाठी? म्हणून माझं मत, गरजेपेक्षा ५ मिमी जास्त स्पेसर लावण्याआधीही दोनदा विचार करा. फेंडरची आतली कड घासतेय म्हणून बंप स्टॉप वाढवू नका. ती कड डेंटरकडून आत दुमडून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. शॉकअपची नळी लांब पडतेय तर आधी छोट्या नळीचा शॉकअप मिळतो का बघा, किंवा वरचं माउंटिंग उंच नेता येतं का बघा. स्पेसरने चाल कमी होते, हे लक्षात ठेवूनच त्याच्याकडे वळा.

आता मोजायचं कसं. कागदावरचा हिशेब वर दिला, पण खरं मोजमाप गाडीवरच होतं आणि त्याला एक शनिवार-रविवार लागतो.

मागच्या चाकांना दगड लावा, चॅसी पुढून उचला आणि दोन भक्कम घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा. जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, एवढं एकदाच सांगतो. चारही बंप रबरं सोडवून बाजूला ठेवा. पाट्यांची गाडी असल्याने पाटे पूर्ण काढता येत नाहीत, कारण ॲक्सलला जागेवर धरणारे तेच आहेत. म्हणून मेन पाटा ठेवायचा आणि खालचे सगळे काढायचे. जिप्सीत ॲक्सल पाट्यांच्या वर बसतं आणि मेन पाटा सगळ्यात वर असतो, त्यामुळे खालचे काढले तरी ॲक्सलची जागा हलत नाही. यू-बोल्ट तेवढे लांब पडतात. काढलेल्या पाट्यांच्या जाडीएवढे लोखंडाचे तुकडे खाली घालून ते आवळा. एकटा मेन पाटा मऊ असतो, जॅकने ॲक्सल सहज वर जातं.

चाकं लावून, शॉकअप लावून, दोन्ही बाजूंना जॅक ठेवून ॲक्सल थोडं थोडं वर घ्या. दर एक सेंटिमीटरला थांबा आणि बॅटरी मारून सगळीकडे बघा. शॉकअपचा दांडा किती उरला. ब्रेकचा होज कुठे दाबला जातोय का. प्रोपेलर शाफ्टचा सरकता जोड पूर्ण आत जाऊन बसतोय का, तिथे किमान पाऊण इंच मोकळा हवा. डिफरन्शियलचा गोळा आणि संप. मग स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, दोन्ही वेळा टायर हाताने फिरवून बघा. पहिली वस्तू जिथे टेकली तिथे थांबा आणि चॅसीवरच्या रबराच्या बैठकीपासून ॲक्सलपर्यंत किती अंतर उरलंय ते मोजा. त्यात १५ मिमी मिळवा. पूर्ण चेपलेलं रबर आणि स्पेसर मिळून तेवढी उंची हवी. वरच्या उदाहरणात हे अंतर ४७ येतं, अधिक १५ म्हणजे ६२, त्यातून चेपलेल्या रबराचे ३० वजा, पुन्हा ३२. दोन्ही वाटांनी आकडा जुळला तर हिशेब बरोबर.

इथे बहुतेक लोक थांबतात, आणि नेमकं इथेच चुकतात. हे सगळं दोन्ही चाकं एकदम वर आल्याचं मोजमाप झालं. चिरेखाणीत तुमचं एक चाक वर होतं आणि दुसरं खड्ड्यात. अशा वेळी ॲक्सल एका रबराला टेकतं आणि त्या रबराभोवती फिरतं, तागडीसारखं. दुसरी बाजू खाली जाते तशी रबराच्या बाहेरची बाजू अजून वर जाते. रबरापासून टायरचा मध्य २५० मिमी बाहेर असेल आणि ॲक्सल १० अंश तिरकं झालं, तर टायर आणखी ४३ मिमी वर चढतो. रबर आपल्या जागी इमानदारीत उभं असतं आणि टायर तरी फेंडर फाडतो. शॉकअप रबरापेक्षा बाहेरच्या अंगाला असेल तर त्याचंही तेच. ६० मिमी बाहेर असेल तर १० मिमी गेले, म्हणजे राखून ठेवलेल्या १५ मधले पाचच उरले. त्यासाठीच मी ते १५ ठेवतो. तेव्हा स्पेसरच्या जागी लाकडी ठोकळा धरा, एका बाजूचा जॅक पूर्ण खाली सोडा, दुसरी बाजू वर दाबा आणि तीच पाहणी पुन्हा करा. मग बाजू बदलून. मागच्या ॲक्सललाही हाच सोपस्कार, पण मागचा आकडा ठरवताना गाडीत नेहमीची माणसं आणि सामान असताना फट किती उरते ते वेगळं मोजा. माणसं मिळत नसतील तर वाळूची पोती. माझ्या हिशेबाने पूर्ण लादलेल्या गाडीत मागे दोन इंच फट उरायलाच हवी. ती उरत नसेल तर दोष स्पेसरचा की पाट्यांचा, ते बघा.

स्पेसर कशाचा करायचा याला फार डोकं लावू नका. नायलॉनचा भरीव रॉड लेथवर हव्या त्या मापात कापून मिळतो. कोल्हापुरात उद्यमनगरात कोणीही करून देईल, तुमच्याकडे जवळच्या एमआयडीसीत मिळेल. किंवा जाड पाइपला दोन्ही बाजूंनी प्लेट वेल्ड करून. अमेरिका-कॅनडात जीपवाले कॉइलच्या आत आइस हॉकीच्या पक रचतात, एक इंच जाड आणि तीन इंच व्यासाचं टणक रबर, स्पेसर म्हणून आयतंच. आपल्याकडे ते शोधायला लडाखला जावं लागेल. फळकुटांचे थर किंवा जुन्या टायरच्या चकत्या एकावर एक ठेवणं मात्र नको. त्या सरकतात, आणि एक निसटली की उरलेलं सगळं ढिलं होतं.

स्पेसरची रुंदी उंचीपेक्षा कमी नको. ॲक्सल सरळ रेषेत येत नाही, पुढे सरकत आणि तिरकं होत येतं, त्यामुळे बारीक उंच खुंटी एक दिवस आडवी होते. बोल्ट ८.८ ग्रेडचा, स्पेसर वाढला तेवढा लांब, आणि चॅसीच्या नटात निदान बोल्टच्या जाडीइतके तरी आटे गेले पाहिजेत. रबराची बैठक एका बोल्टवर असेल आणि स्पेसर दोन इंचांच्या आसपास जात असेल तर दुसरा बोल्ट किंवा बाजूला ठेप द्या. चॅसीला वेल्डिंग शक्यतो टाळा. करायचंच असेल तर एमपीएफआय गाडीची बॅटरी आणि ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर आधी काढा. आणि रबर ॲक्सलवर नेमकं कुठे टेकतंय ते बघा. स्पेसरमुळे ते आता लवकर टेकतं, म्हणजे ॲक्सल पूर्वीइतकं पुढे सरकलेलं नसताना. रबर काठावर टेकत असेल तर ॲक्सलवर रुंद पट्टी लावून घ्या.

निवड असेल तर छोटं रबर आणि मोठा स्पेसर यापेक्षा उंच शंकूसारखं रबर आणि छोटा स्पेसर घ्या. शंकूचं टोक मऊ असतं आणि पुढे तो कडक होत जातो, म्हणून टेकल्याचा धक्का कळत नाही. छोट्या ट्रकची उंच बंप रबरं स्पेअर पार्टच्या दुकानात सुटी मिळतात, एक कंपनीच्या रबराशेजारी ठेवून बघा. पीयूची (पॉलियुरेथेनची) लाल-पिवळी मिळतात ती दिसायला छान, पण बहुतेक इतकी कडक असतात की चेपतच नाहीत. ती लावायची तर वरच्या हिशेबातला 'निम्म्यापर्यंत चेपतं' हा आकडा बदलावा लागेल. फेसासारख्या पीयूचे लांब बंप स्टॉप मात्र उत्तम, ते बरेच खोलवर चेपतात आणि दुसऱ्या स्प्रिंगसारखं काम करतात. वाळवंटी शर्यतींच्या गाड्यांत नायट्रोजन भरलेले हायड्रॉलिक बंप स्टॉप असतात. आपल्या जिप्सीला ते म्हणजे म्हशीला पैंजण.

सगळं बसवल्यावर एकदा खडकावर घेऊन जा. शॉकअपच्या उघड्या दांड्यावर नळीला टेकून एक केबल टाय आवळा, फार घट्ट नको. शॉकअप दाबला जाईल तशी नळी त्याला दांड्यावर ढकलत नेते आणि तो तिथेच राहतो, म्हणजे किती दाबला गेला ते घरी येऊन मोजता येतं. रबराच्या टोकाला चुना लावा. गॅरेजात कोणा ना कोणाच्या खिशात डबी असतेच. ॲक्सलवर चुन्याचा ठिपका बारीक आला तर रबर नुसतं टेकलंय, पसरट डाग आला तर चांगलं चेपलंय, आणि डाग एका बाजूला फराटा मारून गेला असेल तर ॲक्सल तिरकं येतंय. डाव्या-उजव्या बाजूचे डाग सारखे नसतील तर पाटे सारखे नाहीत, पाटेवाल्याकडे परत जा.

याच जातीच्या दुसऱ्या गाड्यांबद्दल दोन ओळी. २०२३ मध्ये आलेल्या जिमनीला पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि कॉइल आहेत. तिथे कॉइल काढून ॲक्सल वर-खाली करता येतं, काम सोपं. २०२० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे स्ट्रटच्या (कॉइल आणि शॉकअपच्या एकत्र जोडणीच्या) डोक्यावर स्पेसर टाकून उचललेली गाडी असेल तर शॉकअप खाली ढकलला जातो, म्हणून तो तळाला आधी बसतो, आणि खालच्या बाजूला बॉल जॉइंटवर ताण वाढतो. त्यात बंप स्टॉप न वाढवता फिरणारे खूप आहेत. ते शॉकअप बदलत राहतात आणि कंपनीला नावं ठेवतात.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असे बदल करता येत नाहीत आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्याच कलमावर बोट ठेवते. मोठा टायर आणि उंच गाडी कोणाच्याही डोळ्यावर येते.

महिनाभराने किंवा पाचशे-हजार किलोमीटर झाल्यावर पहिलं मोजमाप पुन्हा घ्या. चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत किती आणि रबरापासून ॲक्सलपर्यंत किती, चारही चाकांचं, तारीख घालून वहीत. पाटे बसले असतील तर तिथेच कळेल, आणि नायलॉनचा स्पेसर लेथवर पाच-दहा मिमी कमी करून घेणं सोपं असतं. म्हणून सुरुवातीला लोखंडाऐवजी नायलॉनच घ्या.

आणि तो गळका शॉकअप भंगारात टाकू नका. साधा तेलाचा असेल तर उलटा टांगून दांडा वर-खाली करत उरलंसुरलं तेल काढून टाका, मग तो हाताने सहज आत-बाहेर सरकतो. ॲक्सल वर घेऊन मोजताना चांगल्या शॉकअपऐवजी हाच लावा. नवीन शॉकअप दाबायला जॅकशी झुंजावं लागत नाही आणि दांडा कुठे संपला ते बोटाला कळतं. फक्त फुटताना आतली झडप वाकली असेल तर तो पूर्ण दाबला जाणार नाही, म्हणून लावण्याआधी दाबून लांबी मोजा आणि शेजारी नवीन धरून बघा. गॅसचा असेल तर त्याला ड्रिल किंवा करवत लावू नका, आत दाब असतो.